ताईचा आवाज

परवा ड्रेस्डेनमध्ये दुरुस्तीला टाकलेले बूट आणायला गेले, तर दुकानात तेल लावलेल्या चामड्याचा वास दाटला होता. दुकानदार जर्मनमध्ये "या, बिटं?", म्हणजे काय हवंय, असं विचारत राहिला आणि मी दारातच थबकले. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पट्ट्याला असाच वास यायचा.

मी सहा-सात वर्षांची असेन, ताई दहाची. तिच्या हातून दुधाची चरवी कलंडली, म्हणून आबांनी तिला भर उन्हात अंगणात गुडघ्यांवर बसवून पट्ट्याने मारलं. "आवाज नको," एवढंच ते हळू म्हणाले. ताईनेही आवाज केला नाही.

आबा आत गेल्यावर ती उठली, फ्रॉक झटकला आणि गोठ्यात गेली. मी तिच्या मागोमाग. तिथे गणा शेण भरत होता. आमच्याकडे पिढीजात वेठीला बांधलेला म्हातारा गडी. सोडून जायची त्याला मुभाच नव्हती.

"गुडघ्यांवर बस," ताई म्हणाली.

तो आवाज तिचा नव्हता. हळू, थंड, हुबेहूब आबांचा होता. गणाने 'का' म्हणून विचारलं नाही. पाटी बाजूला ठेवून त्याने शेणातच गुडघे टेकले. कोण बोलतंय, हे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

इतक्यात दारात सावली पडली. आबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. "शिकली पोर," ते म्हणाले.

आम्हा दोघींच्याही डोक्यावरून त्यांनी कधी असा हात फिरवला नव्हता. ताई हसली. गणा अजून खालीच होता. आणि मला, आज सांगताना अंगावर काटा येतो, ताईचा हेवा वाटला.