टोइवोचं दार

एल्डन स्टाविग रेडिओवर बोलतो तेव्हा प्रत्येक शब्द खिशातून काढून, बाहीला पुसून मग देतो. "एल्डन... बोलतोय... निघालो." मला हे हुबेहूब जमतं. एकदा मी स्वयंपाकघरातून तसं म्हटलं, तर आई हेडफोन सावरत उत्तर द्यायला बसली. गावात विमानांचा रेडिओ तीच सांभाळते. मग उलथनं घेऊन माझ्यामागे धावली, पण हसत.

दर बुधवारी एल्डन आपलं दोन सीटचं विमान टोइवोच्या किनाऱ्यावर न्यायचा. टोइवो तिथे फळ्यांच्या झोपडीत एकटा राहून जाळ्याने सामन मासे धरायचा. ओहोटीने मागे ठेवलेली घट्ट वाळू हीच तिथली धावपट्टी, आणि ती रोज जागा बदलते. एल्डन वर घिरट्या घालायचा, खाली टोइवो टाचा आपटत चालायचा. टाच रुतली नाही की टोपी हलवायचा. मग एल्डन उतरायचा, टपाल द्यायचा, दोघं कॉफी प्यायचे आणि आईच्या हिशेबाने एकूण अकरा शब्द बोलायचे.

मागच्या हिवाळ्यात टोइवो गेला. एल्डन बुधवारी जातच राहिला.

"आता टपाल कुणाचं नेतोस रे?" आईने विचारलं.

"नाही नेत."

"मग?"

"कॉफी नेतो."

खाली टोपी हलवणारं कुणी नसेल तर आमच्याकडचे वैमानिक चाकं घासून बघतात. न थांबता चाकं वाळूला लावायची, पुन्हा वर जायचं आणि वळून येऊन तो ओरखडा बघायचा. पाण्याने भरला तर उतरायचं नाही. स्वच्छ राहिला तर उतरायचं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी एल्डनने चाकं घासली, वळून आला, खाली स्वच्छ ओरखडा दिसला आणि उतरला. तो ओरखडा मागच्या बुधवारचा होता. तेव्हा मोठी भरती होती, वरची वाळू ओली आणि घट्ट होती. या आठवड्यात पाणी तिथवर आलंच नव्हतं, त्यामुळे जुना ओरखडा राहिला आणि त्याच्याखालची वाळू पिठासारखी सुकली. आजचा ओरखडा खालच्या अंगाला होता, पाण्याने भरलेला.

"एल्डन... बोलतोय. रुतलो."

"किती?" आईने विचारलं.

"निम्मी चाकं."

"पुढचा पंखा?"

"शाबूत."

"अरे, आग्नेयेचं वादळ येतंय. पाचपर्यंत लाटा किनाऱ्याच्या वर पडलेल्या ओंडक्यांना लागतील."

"माहीत आहे."

"कुणाला गाडी घेऊन पाठवू?"

"मधे नदी आहे, मार्वा."

"नदी आहे ते मलाही माहीत आहे. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

तेव्हा दोन वाजले होते. लाटांनी विमान नेलं असतं तर या वयात दुसरं कुठून येणार? घरी त्याच्याकडे एक शेगडी आणि एक खुर्ची आहे.

"चाकांखाली फळ्या घाल," आई म्हणाली.

"फळ्या नाहीत."

"टोइवोच्या झोपडीला आहेत की."

रेडिओ खरखरला.

"त्या... टोइवोच्या आहेत."

"एल्डन, तो काही परत येऊन दार लावून घेणार नाहीये."

असं म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

पुढचं त्याने नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलं, जोडायला आम्हाला महिना लागला. कॉफीच्या भांड्याने त्याने चाकं मोकळी केली. आधी झोपडीचं दार उखडलं, मग जमिनीच्या फळ्या. दार चाकांपुढे आडवं घातलं, त्यापुढे फळ्यांच्या दोन रांगा लावल्या. मग एकटाच टाचा आपटत वाळूवर चालत सुटला. खूप पुढे एक अरुंद पट्टा सापडला, जिथे टाच रुतत नव्हती. वर कुणी बघायला नसताना त्याने टोपी हलवली का, ते मी विचारलं नाही.

चार वीसला रेडिओ बोलला. "एल्डन... बोलतोय. वर आहे."

आईने हेडफोन काढले आणि धुतलेल्या बश्या पुन्हा धुवायला घेतल्या.

रात्री वादळ आलं. दार नसलेल्या झोपडीत लाटा शिरल्या आणि सकाळी तिथे चूल तेवढी उरली होती.

पुढच्या बुधवारी एल्डन पुन्हा गेला. वीस मिनिटांनी आवाज आला, सलग, पाठ केल्यासारखा, मधे कुठेही न थांबता: "एल्डन बोलतोय वाळू मऊ आहे उतरत नाही परत येतो."

वादळानंतर तिथली वाळू रस्त्यासारखी टणक होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आईने माझ्याकडे बघितलं, मग रेडिओकडे.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश ये."

तो उतरला तेव्हा मी धावपट्टीवरच होते. थर्मास त्याच्या काखेत होता, आणि चालताना आतली कॉफी डचमळल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, इतका भरलेला.