पहिली किक

आमच्या गॅरेजमागे एक खड्डा होता. त्यात आम्ही सायलेन्सर जाळायचो. टूस्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागे. ते जळून सायलेन्सरच्या नळीत काजळी धरायची आणि नळी तुंबली की गाडी चढाला दम टाकायची. मग सायलेन्सर काढायचा, शेण्या रचून त्यात लाल होईपर्यंत भाजायचा, आणि गार झाल्यावर दगडावर आपटून झाडायचा. बाजाराच्या दिवशी चार-पाच नळ्या एकदम जळायच्या. दोरीवरचं धुणं काळं व्हायचं, म्हणून मी धुणं आदल्या दिवशीच उरकून टाकायची. नवऱ्याचा खोकला मात्र कुठल्याच दिवशी उरकत नव्हता.

नवरा लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आला आणि लोणंदला स्टेशनच्या रस्त्यावर त्यानं पत्र्याची शेड टाकली. प्लग, केबली आणि ऑइल विकायला मी बसायची. नव्वदनंतरची ती वर्षं. मोटारसायकली आधी फलटणकडच्या उसाच्या पट्ट्यात आल्या, मग मास्तरांकडे, मग दुधवाल्यांकडे. नवी गाडी घेतली की माणूस ती थेट घरी नेत नसे, आधी आमच्या दारात आणायचा. पहिली किक माझ्या नवऱ्यानं मारायची, असा रिवाजच पडला होता. आम्ही विहारात जाणारी माणसं. ज्यांच्या ओसरीवर आम्हाला चहा अजून वेगळ्या कपातून मिळायचा, तेसुद्धा औंधला यमाईपुढे नारळ फोडायच्या आधी आमच्याकडे यायचे. कपाचं ते बघतील, पण गाडीच्या बाबतीत शब्द आमचा चालायचा.

नवरा गाडी ओळखायचा ती धुरावरून. दाट निळा धूर म्हणजे ऑइल जास्त झालं. धूर अगदीच नाही, म्हणजे मालक ऑइल टाकायला विसरला आणि आता गाडी पकडणार. पकडणार म्हणजे पिस्टन आतल्या आत अडकून चाक जागीच थांबणार. म्हणून जुने चालवणारे डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे. गाडीनं पकडलं की क्लच दाबायचा, म्हणजे चाक मोकळं होतं आणि माणूस वाचतो.

मग सरकारनं धुराचे नियम कडक केले आणि कंपन्या फोरस्ट्रोक गाड्या काढायला लागल्या. आमच्या दारात पहिली आणली ती नवऱ्याच्या मित्रानं. दोघं एकाच पलटणीत होते. त्याचा फलटणजवळ ऊस होता. नवऱ्यानं किक मारली आणि सवयीनं सायलेन्सरमागे वाकून बसला.

"आवाज न्हाई, धूर न्हाई. जिती हाय का मेली?"

"तुझ्यासारखी खोकत न्हाई म्हणून मेली व्हय रं?" मित्र म्हणाला.

"पेट्रोलात ऑइल टाकत जा गड्या."

"कंपनीवाला नको म्हणलाय."

"कंपनीवाला तुझ्यासंगं घाट चढाय येतोय व्हय?"

मीही हसले. पुढे गाडीतलं ऑइल बदलायची वेळ आली. साताऱ्याला कंपनीची सर्व्हिस फुकट होती, तरी मित्र आमच्याकडेच आला. नवऱ्यानं खालचं काळं ऑइल सोडलं आणि रोजच्या पत्र्याच्या मापानं नवं भरलं. ते माप टूस्ट्रोकच्या गिअरबॉक्सचं होतं. तिथे खालचं ऑइल फक्त गिअरला लागतं, कारण इंजिनाचं ऑइल पेट्रोलातून येतं. फोरस्ट्रोकला दोन्हीकडे एकच ऑइल फिरतं, त्यामुळे जास्त भरावं लागतं. नवऱ्यानं लष्करात ट्रकच बघितले होते, तिथे इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं; मोटारसायकलीत दोन्ही एकच असतं हे आमच्या गॅरेजात कुणालाच माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना आदर्कीच्या घाटात गाडीनं पकडलं. नव्या गाडीला पकडायची भीती नाही, असं सगळेच म्हणायचे, म्हणून मित्रानं क्लचवर बोटं ठेवायचं सोडून दिलं होतं. मागचं चाक अडकलं. तो डाव्या हातावर पडला आणि मनगटाचा चुरा झाला.

त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि गाडी टेम्पोतून आमच्याकडे आली. दारात माणसं जमली. "नव्या गाड्या नाजूक," एक म्हणाला. "कंपनीनं फसवलं," दुसरा म्हणाला. नवरा गाडीपाशी उकिडवा बसला. इंजिनाच्या बाजूला एक झाकण असतं, त्याला ऑइल बघायची पट्टी असते. पट्टीवर दोन रेघा असतात. ऑइल भरताना ते झाकण त्यानं स्वतःच्या हातानं काढलं होतं आणि लावलंही होतं. त्या रेघा कशासाठी आहेत हे बघितलं नव्हतं. आता त्यानं झाकण काढलं, पट्टी पुसली, बुडवून बाहेर काढली आणि आत माझ्याकडे आला.

"पट्टी कोरडी हाय."

"माप कुठलं घातलंतं?"

"जुनंच."

बाहेर लोक कंपनीला शिव्या देत होते. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मी म्हटलं, "सांगायचं आसंल तर आत्ता सांगा. उद्या सांगितलं तर लोक इचारतील, काल का न्हाई."

तो हात पुसत बाहेर गेला. "गाडीचा दोष न्हाई," तो म्हणाला. "मी ऑइल कमी भरलं. आनी कुनाची फोरस्ट्रोक मी बघितली आसंल तर बघून घेतल्याबिगर चालवू नका."

मग मागून आवाज आला, "ज्याचं काम त्यानंच करावं." हे ऑइलाविषयी नव्हतं, ते मला कळलं. नवऱ्यालाही कळलं. गर्दी पांगली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नवऱ्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. मित्र छताकडे बघत होता.

"शिव्या दे मला," नवरा म्हणाला.

"देतोय की मनात. वहिनी हायत म्हणून बाहेर काढंना." मग म्हणाला, "बस आता. उभा राहून काय पेन्शन वाढनार हाय?"

त्यानंतर कितीतरी नव्या गाड्या आमच्या दारावरून सरळ पुढे गेल्या. एकही थांबली नाही. जुन्या टूस्ट्रोक येत राहिल्या, पण त्याही हळूहळू कमी होणार हे दिसत होतं. सांगलीला एका कंपनीनं बाहेरच्या मिस्त्रींसाठी वर्ग काढला होता. नवरा म्हणाला, या वयात बाकावर बसू काय? मी म्हटलं, नाहीतर इथे बाकावर बसून रस्ता बघायचा आहे. तो पॅसेंजरनं सांगलीला गेला आणि माझ्या मावशीकडे राहिला. वर्गात सगळे त्याच्या मुलांच्या वयाचे होते. परत आल्यावर त्यानं पिशवी ठेवली, ते पत्र्याचं माप काढलं आणि त्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. मग मित्राचं इंजिन उघडून बसला. पिस्टन आणि सिलिंडर बदलला, बाकीचं घासूनपुसून जागेवर लावलं.

गाडी न्यायला मित्र आला तो मोठ्या मुलाला घेऊन. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं, पण मूठ मिटत नव्हती. क्लच दाबण्याइतकी ती पुढेही कधी मिटली नाही.

"मार किक," मित्र म्हणाला.

नवऱ्यानं पायसुद्धा उचलला नाही. झाकण काढून पट्टी मित्राच्या उजव्या हातात दिली. "आधी तू बघ."

"मला काय कळतंय?"

"दोन रेघा हायत. मधी ऑइल पायजे. एवढंच हाय."

मित्रानं पट्टी धोतराच्या सोग्याला पुसली, बुडवली, उजेडात धरली. "हाय," तो म्हणाला. मग ती मुलाला दाखवली, आणि मुलानंही पुन्हा पुसून, बुडवून बघितली. त्यानंतरच नवऱ्यानं किक मारली. गाडी चालू झाली. तो सायलेन्सरमागे वाकला नाही.

मित्राची गाडी नीट चालतेय हे बघून पुढे गाड्या पुन्हा यायला लागल्या, पण रिवाज बदलला होता. आधी मालकानं पट्टी बघायची, आमच्या समोर. मग किक. जो "ज्याचं काम" म्हणाला होता त्यानंही आमच्या दारात उकिडवं बसून पट्टी पुसली. चहा मी सगळ्यांना एकसारख्या कपातून दिला. खड्डा बुजला, तिथे मी दोरी बांधली.

मित्रानं गाडी नेली त्या दिवशीचं एवढं मात्र आठवतं, की मुलानं गाडी रस्त्यावर काढली तेव्हा मित्र मागे बसला होता, डावा हात मांडीवर घेऊन. वळणावर मुलानं गाडी जरा झुकवली आणि मागे मित्राच्या त्या हाताची दोन बोटं हलली. क्लच धरायची सवय ती. गाडी स्टेशनापलीकडे दिसेनाशी झाली तरी नवरा रस्त्यावर उभा होता. मी त्याला आत बोलावलं नाही.