आईला सही येते

नर्सने आईचा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला.

"मले सही येते," आई म्हणाली.

"राहू द्या मावशी, टाइम नाई."

आईला सही मीच शिकवली होती, विहारातल्या बचत गटाच्या बैठकीसाठी. अख्खा उन्हाळा लागला होता. आता निळा अंगठा साडीला लागू नये म्हणून ती हात हवेत धरून बसली होती.

डॉक्टरांनी तोच कागद माझ्यासमोर ठेवला. चार पानं, सगळी इंग्रजीत. माझं आडनाव वाचून ते म्हणाले, "कॉलेजात आहेस ना? स्कॉलरशिपवाली? मग वाच आणि सही कर. समजतं ना?"

वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली. पहिल्या पानातले मोजकेच शब्द कळले. नाही म्हटलं असतं तर ते हसले असते.

मी म्हणाले, "हो," आणि सही केली.

आईला एवढंच माहीत होतं की पोटातली गाठ काढायची आहे. मलाही तेवढंच.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले आणि सोबतच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली आहेत."

आई दचकली. "पिशवी? गाठ म्हनलं होतं ना साहेब?"

"कागदावर लिहिलं होतं. तुमच्या मुलीने वाचून सही केली आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "इचारलं असतं त मी हो बी म्हनलं असतं. पन इचारलं काऊन नाई?"



आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. जखम उघडून साफ करावी लागणार होती. पुन्हा कागद, पुन्हा पॅड. नर्सने हात पुढे केला. मी पॅड उचलून खिडकीत ठेवलं.

"आईला सही येते. आणि हा कागद मला समजत नाही."

डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी तर समजलं होतं."

"खोटं बोलले होते मी."

"मग न्या दुसरीकडे."

दुसरीकडे कुठे नेणार होते मी? आई तापाने फणफणली होती. "करून टाक ना बाई," ती म्हणाली. "ताप चढून राह्यला." मी सही केली नाही. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही.

दुपारी तो शिकाऊ डॉक्टर आला, स्टूल ओढून बसला आणि आईला मराठीत सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली. फक्त पाच.

आईने एकच विचारलं, "आता आनखी काई काढत त नाई ना?"

"नाही, मावशी."

मग तिने सही केली. वाकडी, पण सही.

पहिला कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे. आईच्या अंगठ्याखाली माझं वळणदार अक्षर. त्याची नक्कल मी लेखी मागितली आहे. दर सोमवारी आमच्या केळझरहून बसने दवाखान्यात जाते. "साहेब नाहीत," म्हणतात. मी बाकावर बसून राहते.

मिळेपर्यंत जाणार आहे. मिळाली की प्रत्येक ओळीचा अर्थ लावून आईला तिच्या बोलीत वाचून दाखवणार. शेवटी माझं नावही वाचणार, तिच्यासमोर, मोठ्याने.