कोरड्या भाताला कावळा शिवत नाही

दुपारचं जेवण झालंय. म्हणजे भातावर फरसाण टाकून मी ते खाल्लंय; त्याला जेवण म्हणायचं की अपघात, ते तुम्ही ठरवा. ताट तसंच ओट्यावर पडलंय आणि मी स्वयंपाकघरातच चटई टाकून आडवा झालोय. एक शेंगदाणा दाढेत अडकलाय. जीभ त्याच्या मागे लागलीय. जीभ दमली की डोळा लागणार, असं आमचं ठरलंय.

पंख्याचा आवाज हळूहळू खरखरायला लागतो, जुन्या लाउडस्पीकरसारखा. आणि मग पंखा बोलतोच.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवरची ताकाची कढी फुटल्यामुळे रद्द करण्यात आली आहे. आमटी डाळ न शिजल्यामुळे उशिरा धावत आहे."

हा आवाज माझ्या थोरल्या भावाचा. भाई. लांज्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून जन्मभर याच आवाजात त्याने गाड्या सोडल्या. घरीसुद्धा तसाच बोलायचा. "पुरू, भात लागलेला आहे, बसून घ्यावे." आम्ही दोघंच भाऊ या घरात. लग्नं दोघांचीही राहिली. त्याचं माझ्यामुळे राहिलं की माझं त्याच्यामुळे, यावर नातेवाईक अजून भांडतात. तो रांधायचा, मी जेवायचो. वाटणी सरळ होती.

गेल्या महिन्यात भाई गेला.

मी उठून बसतो. ओट्याच्या जागी चौकशीची खिडकी आहे. जाळीपलीकडे भाई. वर खाकी शर्ट, खाली पंचा. समोर माइक, माइकला लागून गॅसची शेगडी.

"भाई, तू इथे कसा?"

"रांगेतून यावे."

वळून बघतो, तर खरंच रांग आहे. हातात ताट घेऊन माणसं उभी आहेत आणि ती सगळी मीच आहे. टक्कल पडलेला मी, मिशी ठेवलेला मी, शाळेच्या खाकी चड्डीतला मी, जो मध्येच घुसतोय. प्रत्येकाच्या ताटात कोरडा भात.

"मला एकच विचारायचंय," मी म्हणतो. "दहाव्याला तुला कावळा का शिवला नाही?"

भाई खिडकी लावून बाहेर येतो. माझ्या पायाखालची फरशी गार लागते, मग ओली, मग ती वाळूच असते. नदी. तोच दहावा. समोर पानावर भाताचा पिंड, सगळे हात जोडून उभे, आणि भाई माझ्या शेजारी उभा राहून स्वतःचाच दहावा बघतोय.

"गर्दी बरी आहे," तो म्हणतो.

कावळा भटजींच्या स्कूटरवर बसलाय. आमची बहीण कुंदाताई पुढे होते. "भाई, पुरूचं लग्न लावून देऊ रे आम्ही! शिव आता!"

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?" भाई माझ्या कानात म्हणतो. "कुणाच्या पोरीचं वाटोळं करायला निघालीय ही?"

मग चुलतभाऊ सुधाकर. डोळे पुसत म्हणतो, "भाई, बांधाचा वाद मी मिटवतो. शब्द देतो!" कावळा उडतो, सुधाकरच्या डोक्यावरून एक फेरी मारतो, त्याच्या टोपीवर शिटतो आणि परत स्कूटरवर जाऊन बसतो.

"बघ," भाई म्हणतो, "त्यालाही खरं वाटलं नाही."

तेवढ्यात भटजींची हँडलला लावलेली पिशवी कावळा चोचीने उघडतो, साबुदाणा वडा बाहेर काढतो आणि सगळ्यांसमक्ष खातो. त्या दिवशी भटजींचा उपास होता आणि त्यांना पुढे आणखी एक दहावा गाठायचा होता. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं." गवताचा कावळा शिवला आणि मंडळी घरी जेवायला गेली.

तेव्हापासून मला रात्रीची झोप नाही. सगळा गाव म्हणतो, इच्छा राहिली असणार त्याची. दुकानात विचारतात, देवळात विचारतात, "काय हो, काय राहिलं होतं भाईंचं?" आणि एका छपराखाली जन्म काढून मला ते माहीत नाही. तो कुठेतरी अडकून राहिलाय आणि त्याची सुटका कशात आहे हे मलाच ठाऊक नाही.

"सांग ना भाई. काय राहिलं तुझं?"

"राहिलं काय डोंबल! नुसता भात ठेवलात पानावर. ठणठणीत कोरडा. वर आमटी नाही, सार नाही, सोलकढीचा थेंब नाही. मेलो म्हणून घशाखाली उतरायला काही ओलं नको?"

"अरे, पिंडावर आमटी वाढत नाहीत."

"म्हणून तर कावळे वड्याकडे जातात."

मला हसू फुटतं. भाई हसत नाही.

"तू आज काय जेवलास?"

"भात."

"त्यावर?"

"फरसाण."

"काल?"

"लोणचं."

"परवा?"

"चहा."

"भातावर?"

"नाही रे, वेगवेगळं. पण जवळजवळ."

भाई माइक बंद करतो. वाळूत माइक कुठून आला, विचारू नका. माइकशिवाय त्याचा आवाज अगदी लहान आहे.

"नदीवर सगळ्यांच्या शेवटी तू हात जोडलेस, पुरू. म्हणालास, भाई, माझी काळजी करू नको. त्या वेळी मी पिंडाकडे उतरतच होतो खाली. तुझा तो आवाज ऐकला आणि अर्ध्या वाटेतून फिरलो. ऊठ. कुळथाचं पीठ काढ."

घर परत घर झालंय. ओटा, शेगडी, फळीवर डबे. फक्त दाराबाहेर अंगणात एक लाल गाडी उभी आहे, इंजिन चालू, आणि पाटीवर गावाचं नाव नाही.

"ती तुझी?"

"थांबेल. मी सोडल्याशिवाय आजवर एक गाडी सुटलेली नाही."

भातावर ओतून घ्यायची ही पिठी मी मागेही करून बघितली होती, तो आजारी असताना. कोरडं पीठ सरळ उकळत्या पाण्यात ओतलं. अशा गुठळ्या झाल्या की शेजारच्या कुत्र्याला घातल्या तर तो त्या खाईना, खेळत बसला.

"आधी गार पाण्यात कालव," भाई म्हणतो. "बोटांनी. गुठळी लागली की मोड. हां. आता फोडणी. मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण, हळद. मिरची टाक, घाबरतोस काय? वर पाणी. दोन आमसुलं. मीठ जरा कमीच."

"कमी का?"

"कमी म्हणतो ना. आता कालवलेलं ओत आणि ढवळत राहा. हात थांबवायचा नाही. मान वर करायची नाही. इकडे तिकडे बघितलंस की गुठळी."

मी ढवळतो. पिठी दाटायला लागते, फुटफुट करत उडायला लागते. भाईच्या मनगटावर कायम बारीक डाग असायचे. "पिठी सही करते," म्हणायचा.

बाहेर कंडक्टर घंटी देतो. मागे चपला वाजतात.

"भाई?"

"ढवळ."

"निघालास?"

"पुरू, ढवळ म्हणतो ना."

आवाज दारातून आलाय. आता मला कळतं, याने मला मुद्दाम पिठीला जुंपलंय. जन्मभर लोकांच्या रडारडीतून गाड्या सोडलेला माणूस. स्वतःची कशी सोडायची हे त्याला बरोबर माहीत आहे. मान वर केली तर एकदा तरी दिसेल. मान वर केली तर गुठळी होईल, आणि गुठळी झाली की तो पुन्हा अर्ध्या वाटेतून फिरेल.

मी मान वर करत नाही. डोळ्यांतलं पाणी सरळ पातेल्यात पडतंय.

"खारट होईल रे," मी म्हणतो.

"म्हणून तर मीठ कमी टाकायला सांगितलं."

हे फार लांबून येतं. मग खरखर, आणि माइकवरचा तो मोठा आवाज. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी सुटत आहे. मागे राहिलेल्यांनी जेवून घ्यावे."

पातेल्यातला एक थेंब उडून माझ्या मनगटावर बसतो. चटका लागतो. मी हात थांबवत नाही.

पंखा फिरतोय. चटईवर मी, ओट्यावर ताट, दाढेत शेंगदाणा. शेगडी हात लावून बघतो. गार आहे. अंगणात कुणी नाही, टायरची खूणसुद्धा नाही.

उजव्या मनगटावर मात्र एक फोड आहे. लाल, टचटचीत, कुळथाच्या दाण्याएवढा.

मी फळीवरून डबा उतरवतो. पीठ गार पाण्यात कालवून ठेवतो. मनगट चुरचुरतं. भाजलं की भाई टूथपेस्ट लावायचा. न्हाणीत जाऊन मी ट्यूब हातात घेतो, झाकण उघडतो, आणि परत लावून टाकतो.

इतक्यात बरं व्हायला नको.