'मिस यू' म्हणजे मिसकॉल

मंडळी, आज सकाळी इथे हर्णैत शेजारच्या काकी सुकट वाळत घालताना मधेच मोबाइल घेऊन आल्या. "मुंबैवरून बाबूनं काय लिवलान, वाच गो."

लेकाचा मेसेज होता. मी वाचला, "मिस यू आये."

"मिसकॉल दिलान होय? बॅलन्स संपला असंल त्याचा. मीच लावते."

मिस म्हणजे आठवण येणं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी स्पीकरवर फोन लावलासुद्धा.

"मिस दिलास ना रे?"

बाबू तिकडे हसला. मग म्हणाला, "होय आये, दिला."

मग मी अर्थ सांगितलाच नाही. मला असे मिस यू आले की मी हार्ट टाकून मोकळी होते. तुम्ही कधी लगेच फोन लावलाय?