दोन तोंडांचं बाहुलं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बिल्डरवरही नाही, आणि "मी स्वतः लक्ष घालतो, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणणाऱ्या पुरुषावर तर अजिबात नाही. या सदरातले अनुभव मी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, आणि सकाळी चौकशी केली की "ती बाई तर केव्हाच..." वगैरे. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे एक बाहुलं आहे. पोटात पेंढा, अंगात कुणाचा तरी जुना चौकटीचा शर्ट आणि डोक्याच्या जागी मडकं. तरी लिहितेय, कारण इतक्या वर्षांत त्याचा उलगडा मला झालेला नाही. आणि ज्याचा उलगडा झालाय ते कुणी ऐकून घेत नाही.

मी मूळची नागपूरची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बंगलोरला आले, मल्लेश्वरममध्ये. सासरचे मराठीच, पण कैक पिढ्या इथले, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. थोरल्या दिरांना सगळे अण्णा म्हणत आणि माझ्या जाऊबाईंना अक्का. मीही तेच म्हणायला लागले. पहिल्याच आठवड्यात अक्कानं मला स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं, "काही पटलं नाही तर मला सांग. मी काही करू शकणार नाही, पण दोघी मिळून हसू की गं." त्या घरात मी टिकले ती तिच्यामुळे.

नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, एका कंपनीच्या तपासणी विभागात. सर्किट बोर्ड भिंगाखाली धरायचा, सोल्डरिंग कच्चं दिसलं की बाजूला टाकायचा. थोडक्यात, दिवसभर नापास करत बसायचा मला पगार मिळायचा. मल्लेश्वरम शहराच्या एका टोकाला आणि कंपनी दुसऱ्या, जाण्यायेण्यात जीव मेटाकुटीला यायचा. तेव्हा अण्णांनी स्वतः लक्ष घातलं. त्यांचा कॉलेजातला मित्र मूर्ती जे. पी. नगरला इमारत बांधत होता. त्यात एक फ्लॅट अण्णांचा, शेजारचा आमचा. इमारतीचं नाव 'अचल'. मूर्तीला विनोदबुद्धी नव्हती, त्यामुळे हे नाव त्यानं मनापासूनच ठेवलेलं असणार.

'अचल'ला परवानगी होती तळमजला आणि वर दोन मजल्यांची. मूर्तीनं तिसरा चढवला, चौथा चढवला आणि पाचव्याची तयारी चालवली. खालच्या मजल्यांवर लोक राहायला येणार, वर काम चालू राहणार. आपल्याकडे स्लॅब भरला की "स्लॅब पडला" म्हणतात. ही भाषा या घरात मीच नागपूरहून आणली होती, आणि अण्णांना ती फार आवडली. दर वेळी मला कंपनीत फोन करून सांगायचे, "अभिनंदन, आपला स्लॅब पडला." मी म्हणायची, "पेढे वाटा." तेवढा एक विनोद आमच्यात चालायचा.

मजले मोजायला एक सरकारी साहेब येत. त्यांची तपासणी मी डोळ्यांनी पाहिली आहे. गाडीची काच खाली, फिल्टर कॉफीचा पेला आत, काच वर. मजले मोजायचे तर मान वर करावी लागते, आणि ते कष्ट साहेबांना झेपण्यासारखे नसावेत. माझ्या हाताखालच्या मुलीनं असा एक बोर्ड पास केला असता तर मी तिला घरी पाठवली असती.

खाली पार्किंगमध्ये एका पिलरला मी सहज केसातली पिन टोचून पाहिली. ती अर्धी आत गेली, आणि बाहेर काढली तर मागोमाग वाळू सांडली. बराच वेळ सांडत राहिली. अण्णांना दाखवलं, तर म्हणाले, "तू स्वल्प अ‍ॅडजस्ट करायला शिक बघू. हे घर आहे, तुझा सर्किट बोर्ड नव्हे." मूर्तीनं त्या भोकाला अंगठ्यानं सिमेंट लावलं आणि हात झटकले. माझा नवरा श्रीधर, थोरल्या भावापुढे तोंड उघडायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही, म्हणून टाइल्स बघत उभा राहिला.

आता बाहुलं. इकडे बांधकाम चालू असलं की दृष्ट लागू नये म्हणून वर एक बाहुलं बांधतात, दृष्टीगोंबे म्हणतात त्याला. बटबटीत डोळे, कल्लेदार मिशा, बाहेर काढलेली लाल जीभ. तोंड रस्त्याकडे, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्यांची वाईट नजर त्याच्यावर पडून तिथेच संपावी. 'अचल'वर सुरक्षेची म्हणून एवढीच काय ती व्यवस्था होती. कठडा नाही, जाळी नाही, मजुरांच्या डोक्यावर टोपी नाही, पण बाहुलं मात्र एक नंबर.

एका रविवारी आम्ही फ्लॅट बघायला गेलो आणि अक्का रस्त्यातच थांबली. "ते बघ की गं," ती म्हणाली, "आपल्याकडं पाठ केलंय."

शर्टाची बटणं आमच्याकडे होती. डोकं उलटं. मिशा, जीभ सगळं इमारतीच्या आत. मी म्हटलं, मडकंच ते, काठीवर अडकवलेलं, वाऱ्यानं फिरलं असेल. मूर्तीनं माणूस वर पाठवून तोंड सरळ करून घेतलं आणि आमच्यादेखत तारेनं आवळून टाकलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आत बघत होतं.

मी वर गेले. हो, गेले, नापास करायचं तर आधी जवळून बघावं लागतं. तारेचा पीळ जसाच्या तसा होता. गाठीवर बोट ठेवलं, ती सैलही नव्हती. मडक्याला ओरखडा नाही.

तिथे यल्लव्वा भेटली. रायचूरकडची, घमेली उचलायच्या कामावर होती. अक्का येताजाता तिला ताक द्यायची, त्यामुळे ओळख होती. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "नम्मन्ने नोडुत्ते, अम्मा." आमच्याकडेच बघतंय. वरच्या सगळ्या मजुरांनी त्या सकाळी काम थांबवलं होतं. खालचा पिलर रात्रीचा कुरकुरतो आणि हे दिवसभर आमच्याकडे बघत बसतं, असं त्यांनी मूर्तीला जाऊन सांगितलं होतं.

मूर्तीनं दोन्ही तक्रारी ऐकल्या आणि पेंटरला बोलावलं. तोडगा असा – मडक्याच्या मागच्या बाजूलाही एक तोंड काढायचं. मग कसंही फिरलं तरी एक तोंड रस्त्याकडे. अण्णांना ही युक्ती इतकी पटली की त्यांनी मूर्तीच्या पाठीवर थाप मारली. इंजिनियरिंगची डिग्री घेतलेली दोन माणसं होती ही, सांगून ठेवते. मी उभी असतानाच पेंटरनं दुसरं तोंड काढलं. पांढरेशुभ्र डोळे, मधोमध काळी बुबुळं, चांगली टपोरी. मी खालून नीट पाहिलं. मजूर कामाला लागले.

त्यानंतरच्या रविवारी रस्त्याकडच्या तोंडाचे डोळे मिटलेले होते.

रंग उडाला नव्हता की ओघळला नव्हता. पापण्या होत्या. दोन खाली वळलेल्या काळ्या रेघा, दुपारी जेवून आडवं झालेल्या माणसाच्या असतात तशा. आतल्या तोंडाचे डोळे मात्र टक्क उघडे. मूर्ती म्हणाला, पेंटर प्यायलेला होता. पेंटर म्हणाला, मी पुन्हा चढलोच नाही. मी काय पाहिलं होतं ते मला ठाऊक होतं, कारण बघणं हाच माझा धंदा.

घरी येऊन मी सांगितलं, मी 'अचल'मध्ये राहायला जाणार नाही. पिनेचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, परवानगी नसलेल्या मजल्यांचं सांगितलं. श्रीधर ऐकून घेत होता, अण्णा पेपर वाचत होते. शेवटी वैतागून मी बाहुल्याचं बोलले. तोवर कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "आत बघतंय?" त्यांनी विचारलं. "मग मी पाऊल ठेवणार नाही. श्रीधर, तू पण नाही."

संपलं. वाळू सांडणारा पिलर ज्या घरात कुणाला हलवू शकला नाही, तिथे पेंढ्याच्या बाहुल्यानं एका वाक्यात निकाल लावला. मी सुटले, पण राग असा आला की रात्री जेवले नाही.

अण्णा मात्र गेले. मित्राला शब्द दिलेला, माघार कशी घ्यायची... आणि अण्णा गेले म्हणजे अक्का गेली. निघताना मी तिला म्हटलं, तू तरी नको जाऊस. ती हसली. "सरी बिडू," म्हणाली, म्हणजे राहू दे आता. "तुझी तपासणी मी करते की. रोज सकाळी भाजी आणायला उतरते तेव्हा बघीन आणि तुला फोन करून सांगीन, डोळे उघडले का मिटलेले." आणि खरंच करायची. "झोपलंय अजून," एवढं सांगून ठेवून द्यायची. त्या फोनची मी रोज वाट बघायची.

मग एका दुपारी कंपनीत फोन आला. अक्काचा नव्हता, श्रीधरचा.

"अगं, 'अचल'चा स्लॅब पडला," तो म्हणाला.

आणि मी म्हटलं, "पेढे वाटा."

मग त्याचं रडणं ऐकू आलं, आणि ते शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. आजही स्लॅब भरला असं कुणी त्या शब्दांत सांगितलं की मी आधी विचारते, भरला की कोसळला?

मी पोचले तेव्हा 'अचल' उभी नव्हती. तुकडे होऊन पसरली असं नाही, जागच्या जागी खाली बसली होती, एकावर एक मजले, मधे काही नाही. मी ओरडत होते की नव्हते ते आठवत नाही. समोरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या पायरीवर अक्का बसली होती. अनवाणी. उजवा हात भाताच्या शितांनी माखलेला, वाळून गेलेला. ती जिवंत होती. मी तिला इतकी घट्ट धरली की तिला खोकला आला.

तिनं सांगितलं ते असं. सकाळी डोळे मिटलेले होते, तसा तिनं मला फोनही केला होता. दुपारी ती जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि तिला वाटलं की ते बघतंय. तिच्याकडे. आवाज नाही, हाक नाही, भास नाही, फक्त कुणी बघत असलं की मानेला कळतं ना, तसं. ती उठली, हात न धुता, चपला न घालता रस्ता ओलांडून गेली आणि वर पाहिलं. दोन्ही डोळे उघडे होते. टपोरे, पेंटरनं काढले होते तसे.

वर यल्लव्वा काठाशी उभी होती. अक्कानं हाक मारली, "यल्लव्वा, केळगे बा." खाली ये. ती वाकली, हातानं विचारलं, काय? अक्कानं पुन्हा हात हलवला. यल्लव्वाला वाटलं, ताक प्यायला बोलावतेय. तिनं हसून मान हलवली, डोक्यावरचं घमेलं दाखवलं, हे टाकून येते म्हणून खूण केली आणि आत वळली.

यल्लव्वा आणि तिच्याबरोबर वर काम करणारे सगळे गेले. खाली राहायला आलेल्या आमच्यासारख्या लोकांपैकी कुणी त्या वेळी घरात नव्हतं. पेपरात मजुरांची संख्या आली, नावं आली नाहीत. मूर्तीचा मात्र फोटो आला. इमारतीला दृष्ट लागली, असं त्यानं पोलिसांना सांगितलं, आणि जबाब घेणाऱ्या माणसानं मान डोलावली, हे मी तिथे उभी राहून पाहिलं. चौकशी झाली. जमिनीत पाणी मुरलं असा निष्कर्ष निघाला. साहेबांची बदली झाली, बहुधा जिथे कॉफी आणखी चांगली मिळते तिथे. मूर्ती जामिनावर सुटला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नावानं दुसरीकडे बांधायला लागला. अण्णा म्हणाले, देवाची कृपा, आपलं माणूस वाचलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते.

मडकं सापडलं नाही. मी शोधलं होतं.

लोकांनी मला बरीच स्पष्टीकरणं दिली आहेत. उन्हानं रंगाचा थर उकलला असेल, खालचे जुने डोळे वर आले असतील. इमारत आधीच हलत असेल, अक्काच्या शरीराला ते कळलं असेल. असेल. तारेचा पीळ न सुटता मडकं कसं फिरत होतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मलाही सांगता येत नाही, आणि मी आता प्रयत्नही सोडलाय.

अक्का आता थकली आहे. दुपारी जेवायला बसली की अजूनही मधेच थांबते. परवा तिनं पुन्हा तेच विचारलं, जे ती इतकी वर्षं विचारतेय. "मला त्यानं बाहेर काढलं गं. मग यल्लव्वाला का नाही सांगितलं?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे, त्यात अमानवीय काही नाही. यल्लव्वाला त्यानं सगळ्यात आधी सांगितलं होतं. तिनं ते मूर्तीला जाऊन सांगितलं होतं. आणि मूर्तीनं वर रंगाचा डबा पाठवला होता.