गोठ्याखालचं पेव

खांब दोन इंच खचला होता. वरची तुळई वाकली होती, भिंतीला बोटभर भेग पडली होती. आज गुरुवार, आणि सोमवारी इथं शाळा भरायची होती.

पुसदजवळच्या या गावात देशमुखांनी जुना गोठा शाळेला दिला होता. अट एकच: या जूनमध्ये शाळा भरली नाही, तर गोठा परत. मी नवा ओव्हरसियर. एका कडेची आडभिंत पाडून मी मोठा वर्ग केला. तिच्यावर तुळईचा भार होता, म्हणून तिच्या जागी मधोमध सागाचा खांब दिला. नकाशात तो फार देखणा दिसत होता.

डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी भेग पाहिली. "गावोगाव शाळांचं नुसतं पेव फुटलंय! गोठ्यात ढोरं बांधतात. डेंजरस लिहितो, परत करा."

माझा आवाज चढला. "साहेब, ज्यांनी इथलं शेण पिढ्यान्‌पिढ्या काढलं, त्यांची पोरं इथं पाटी धरणार आहेत!"

"भाषण नको. खांब का खचला ते सांगा."

मी खांबाच्या बुडाशी वाकून जमीन चाचपली; वरून ती टणकच होती.

वस्तीतली म्हातारी सखुबाई नातीचं नाव घालायला आली होती. धम्म घेतल्यापासून तिनं देशमुखांच्या गोठ्यातलं काम सोडलं होतं. दारातूनच म्हणाली, "काहून रे भाऊ, पेवावर खांब उभा केला?"

साहेब वळले. "कसलं पेव?"

"आता तुमीच तं पेव-पेव करून राह्यले! मले वाटलं, तुमाले ठाव हाय. जवारीचं पेव हाय खाली. लहानपणी कंबरेले दोर बांधून मलेच उतरवत. आधी कंदील सोडत. इझला तं खाली हवा खराब, उतरायचं नाही."

पेव म्हणजे धान्याचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. आमचे गवंडी रहीममिस्त्री, त्यांनी खांबाजवळ पहार आपटली. ढब्ब! खाली पोकळ. मी आनंदानं उडीच मारली. दुखणं सापडलं होतं!

"सोमवारी सकाळी बघतो," साहेब म्हणाले.

तुळईला टेकू देऊन खांब काढला. पेव उघडलं, कंदील सोडला. तेवत राहिला. मग अख्खी वस्ती दगड-मुरूम घेऊन आली. थर टाकायचा, धुम्मसानं ठोकायचा, पुन्हा थर. वर सपाट काळा दगड बसवला. रविवारी खांब ओळंब्यात उभा राहिला.

सोमवारी साहेबांनी सही केली. बाहेर पोरांचा गलका चालला होता.

"देशमुखांना आधी विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. खाली काही नाही म्हणाले. ते कधी उतरलेच नव्हते."

तेव्हापासून मी मालकाकडे चहा घेतो आणि चौकशी मजुरांकडे करतो.